जुने भयपट, स्टंटपट, 'बी ग्रेड' पिक्चर : आधी कॉपी तपासा, मग नावं ठेवा

मॅटिनी_शो (धागाकर्ता)

इंदुरात पत्ता सांगताना आपण आजही रीगल चौराहा, मधुमिलन, सपना-संगीता रोड असंच म्हणतो, म्हणजे थिएटरांच्या नावांनी. सेंट्रल इंडिया टेरिटरीचं (सिनेमे वाटण्याच्या एका विभागाचं) वितरणही इथूनच चालायचं. मोठ्या शहरांत लवकर उतरलेले छोटे सिनेमे अशा टेरिटरीत लहान गावांतून पुन्हा पुन्हा लागत. रामसे बंधूंचे भयपट, होमी वाडियांचे स्टंटपट, दारासिंगचे पोशाखी सिनेमे, मोहन भाक्री आणि विनोद तलवार यांची भुतं, या सगळ्यांसाठी हा धागा.

म्हणणं एकच आहे. या सिनेमांवर लोक जे हसतात, त्यातलं बरंचसं हसू वाईट कॉपीमुळे येतं. सिनेमा थिएटरात कसा दिसत होता हे न बघताच निकाल लागलेला असतो.

सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे भर दुपारी फिरणारं भूत. दिवसा शूट करून रात्र दाखवायची रीत जुनीच आहे. रात्री अख्खं जंगल उजळायचं तर मोठे दिवे आणि जनरेटर लागतात, ते परवडत नाहीत. मग उन्हातच, सूर्य मागे किंवा बाजूला ठेवून, निळा फिल्टर लावून, दोनेक स्टॉप कमी एक्स्पोजरने, म्हणजे प्रकाश कमी घेऊन, शूट करायचं. आकाश शक्यतो चौकटीत येऊ द्यायचं नाही. प्रिंट काढताना लॅब ते आणखी गडद आणि निळं करते. म्हणजे अर्धी रात्र कॅमेऱ्यात होते, अर्धी लॅबमध्ये. पुढे व्हिडिओसाठी टेलिसिने करणाऱ्याला (फिल्मवरून व्हिडिओ काढणाऱ्याला) हे कुणी सांगितलं नाही, तर चित्र अंधारलंय म्हणून तो ब्राइटनेस चढवतो आणि अमावस्येच्या रात्री दुपारचे दोन वाजतात. सावल्या धारदार, पानं चकाकतायत, मधून पिशाच्च चाललंय. दोष दिग्दर्शकाच्या माथी.

खरोखर रात्री शूट केलेल्या प्रसंगांचं उलटं होतं. व्हीएचएसवर काळ्या रंगातला तपशील बुडतो आणि निळा-लाल प्रकाश पसरून डाग होतो. त्यात मूळ प्रिंटच विटलेली असेल तर आणखी गोंधळ. १९७०च्या दशकातल्या ईस्टमनकलर प्रिंटमधला सायन रंग आधी उडतो, म्हणून जुनी प्रिंट गुलाबी दिसते. निळी रात्र जांभळट होते आणि चेहरे भाजल्यासारखे दिसतात.

सिनेमास्कोप, म्हणजे रुंद चौकटीचा सिनेमा असेल तर टीव्हीसाठी दोन्ही कडा कापलेल्या असतात. भयपटात भीती बहुतेक वेळा कडेलाच असते. नायिका मधोमध, दार डाव्या टोकाला, दारात हात. टोक कापलं की नायिका कशाला किंचाळते तेच कळत नाही.

थ्रीडीचीही तीच गत. १९८४ मध्ये मल्याळममध्ये 'माय डिअर कुट्टिचातन' आला, त्याच्या पाठोपाठ १९८५ मध्ये हिंदीत 'शिवा का इन्साफ' आणि रामसेंचा 'सामरी'. भाला थेट भिंगाकडे येतो, कुणी हात पुढे करून ठेवतो, हे सगळं चष्म्यासाठी रचलेलं असतं. चष्म्याशिवाय बघितलं तर ते अडाणी वाटणारच.

जाणकारांनी तीन गोष्टींवर लिहावं. कॉपी कशी तपासायची, घरातल्या कॅसेटी आणि व्हीसीडी कशा वाचवायच्या आणि चार माणसांना नीट कसं दाखवायचं.

ऑपरेटर_खिडकी

कॉपी पुरी आहे की छाटलेली, हे मोजून काढता येतं. सिनेमाच्या सुरुवातीला सेन्सॉरचं सर्टिफिकेट येतं ते पॉझ करून वाचा. त्यावर रिळांची संख्या आणि लांबी मीटरमध्ये असते. ३५ एमएम फिल्म सेकंदाला २४ फ्रेमने मिनिटाला ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर पळते. लांबीला २७.४३ ने भागलं की थिएटरातली मिनिटं मिळतात. समजा सर्टिफिकेटवर ३,९५० मीटर आहे. म्हणजे १४४ मिनिटं.

आता एक पायरी राहते आणि ती बहुतेक जण विसरतात. आपल्याकडची व्हिडिओ पद्धत पाल, सेकंदाला २५ फ्रेमची. २४ ची फिल्म २५ ने पळवली की वेळ ४ टक्क्यांनी घटतो. १४४ चे १३८ होतात, एक फ्रेमही न कापता. त्यामुळे कॉपी १३८ मिनिटांची असेल तर निर्धास्त राहा. १२७ ची असेल तर ११ मिनिटं गेली, म्हणजे साधारण दोन गाणी आणि एखादा विनोदी प्रसंग. व्हीसीडीच्या दोन चकत्यांत बसवायला गाणीच आधी उडवतात.

सर्टिफिकेटवर त्रिकोणाची खूण असेल तर सेन्सॉरने काटछाट सुचवलेली आहे असं समजा. ती काटछाट आणि व्हिडिओवाल्याची काटछाट वेगळी धरायची. सर्टिफिकेटवरची लांबी पास झालेल्या सिनेमाची असते.

लोकमान्यनगरवाला

काका, सर्टिफिकेटच उडवलेलं असेल तर? अर्ध्याअधिक व्हीसीडी थेट टायटलपासून सुरू होतात.

ऑपरेटर_खिडकी

मग रिळांची टोकं शोधा. प्रिंटवरून केलेल्या कॉपीत प्रत्येक रिळाच्या सुरुवातीला आणि शेवटी ओरखडे, धूळ, सांधे जास्त असतात, कारण हाताळणी तिथेच होते. शिवाय प्रोजेक्टर बदलण्याची खूण उजव्या वरच्या कोपऱ्यात दिसते, गोल ठिपका किंवा कुणी ऑपरेटरने खिळ्याने काढलेली फुली. हजार फुटांचं रीळ ११ मिनिटांचं, दोन रिळं एका स्पूलवर जोडली तर २२ च्या आसपास. रिळं पूर्ण भरलेली नसतात, म्हणून मिनिट-दोन मिनिटं कमी चालतील. प्रत्येक खुणेची वेळ कागदावर लिहून काढा. सगळीकडे १८-२० मिनिटांचं अंतर आणि एकाच जागी १३, तर कात्री तिथेच लागली आहे. त्या तुकड्यात पार्श्वसंगीत मध्येच तुटतं का ऐका. चित्राचा कट लपतो, संगीताचा लपत नाही.

वेग तपासायला गाण्याची ऑडिओ कॅसेट किंवा रेकॉर्ड लावून बघा. २५ ने पळणारी कॉपी जवळजवळ पाऊण पट्टी चढी वाजते. फाइल असेल तर २४ वर आणा आणि आवाजही त्याच प्रमाणात सैल करा, नुसतं चित्र नको.

फीत_आणि_फिरकी

कॅसेटींबद्दल मी लिहितो. सध्या पावसाळा आहे, त्यामुळे पहिली सूचना : आता काहीही चालवू नका. आपल्याकडे जुलै ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की थंड खोलीतून आणलेल्या फितीवर पाणी धरतं आणि ती व्हीसीआरच्या ड्रमला (फीत वाचणारी हेड ज्यावर असतात त्या फिरत्या भागाला) चिकटते. कॅसेट जिथे चालवायची त्याच खोलीत एक दिवस आधी ठेवा, खोली कोरडी असू द्या.

चालवण्याआधी खिडकीतून फितीचा गुंडाळा बघा, टॉर्च तिरका धरून. गुंडाळ्याच्या सपाट बाजूवर पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखा थर दिसला तर ती बुरशी. अशी कॅसेट चांगल्या व्हीसीआरमध्ये घातली तर बीजाणू ड्रमवर जातात आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागतात. ती वेगळ्या पिशवीत ठेवा, हाताळताना मास्क लावा, आणि साफ करायची तर भंगारातला वेगळा व्हीसीआर फक्त त्या कामाला ठेवा. कॅसेटच्या खालच्या बाजूला पाच स्क्रू असतात. उघडताना ती पालथी असते, म्हणून झाकण उचलण्याआधी सुलटी करा, नाहीतर स्प्रिंगा आणि फिरक्या सांडतात. उघडल्यावर लगेच मोबाइलवर फोटो काढा. फीत कुठल्या खुंटीच्या आतून जाते आणि कुठल्या बाहेरून, हे नंतर आठवत नाही.

हेड साफ करणं हा सगळ्यात नाजूक भाग. कापसाची काडी अजिबात नको, तिचे धागे हेडच्या फटीत अडकतात. शॅमॉय कातड्याचा तुकडा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवायचा, ड्रमला सपाट टेकवून स्थिर धरायचा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून हळू फिरवायचा. तुकडा हलवायचा नाही, ड्रम फिरवायचा. वर-खाली घासलं की फेराइटचं हेड तुटतं आणि मग व्हीसीआर भंगारात. मेडिकलमध्ये मिळणारं ७० टक्क्यांचं अल्कोहोल चालत नाही, त्यात पाणी असतं. इंदुरात जेल रोडला मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे आयपीए म्हणून मागा. फीत ओढणाऱ्या रबरी पिंच रोलरला मात्र अल्कोहोल लावू नका, रबर कडक होतं. त्याला ओलसर कापड पुरतं. सगळं वीसेक मिनिटं वाळू द्या.

कॅसेट आधी पूर्ण पुढे आणि मग पूर्ण मागे फिरवा, म्हणजे वर्षानुवर्षं एका जागी बसलेला ताण सारखा होतो. मागची रेकॉर्डची जीभ शाबूत असेल तर आधी तोडा. चुकून बटण दाबलं गेलं तर सिनेमा गेला.

लायब्ररीच्या कॅसेटींत भुताच्या प्रवेशाच्या जागी आडव्या पांढऱ्या रेषा जास्त असतात. त्याचं कारण पॉझ. पॉझमध्ये फीत थांबते पण ड्रम फिरतच राहतो आणि त्याच जागेचा लेप खरवडतो. तिथे काही करता येत नाही, दुसरी कॉपी शोधायची आणि तेवढा तुकडा तिच्यातून घ्यायचा.

संगणकावर घेताना साखळी अशी : व्हीसीआर, मग टाइम बेस करेक्टर (चित्राची थरथर थांबवणारं यंत्र), मग कॅप्चर कार्ड. करेक्टर वेगळा घ्यायला महाग पडतो. काही जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरमधून सिग्नल नुसता आरपार नेला तरी उभ्या रेषांची थरथर बरीच थांबते. ७२० गुणिले ५७६, २५ फ्रेम, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींचं चित्र), लॉसलेस कोडेक (तपशील न गमावता साठवणारी पद्धत), आवाज ४८ किलोहर्ट्झ. हफवाययूव्ही या लॉसलेस कोडेकमध्ये तासाला ३० ते ४० जीबी लागतात. एवढी जागा बघून लोक थेट एमपी४ मध्ये घेतात आणि तिथेच घोळ होतो. एकदा दाबताना गेलेला तपशील परत येत नाही. आधी लॉसलेस घ्या, नंतर एफएफव्ही१ या लॉसलेस कोडेकमध्ये करून साठवा, बघण्यासाठी वेगळी लहान फाइल काढा. चित्राच्या तळाशी काही ओळी फाटलेल्या दिसतील, ती हेड बदलण्याची जागा, प्रत्येक कॅसेटला असते. साठवणीच्या फाइलमध्ये ती कापू नका, दाखवण्याच्या फाइलमध्ये काळी पट्टी लावा.

चकतीप्रेमी

व्हीसीडीकडे कुणी बघत नाही, पण कितीतरी छोट्या सिनेमांची शेवटची कॉपी व्हीसीडीच आहे. मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला घेतल्या तेव्हा जे सिनेमे कुणी विचारत नव्हतं तेही बाहेर आले. रविवारी रद्दीवाल्यांकडे हात घालायला लाजू नका.

व्हीसीडीत चित्र ३५२ गुणिले २८८ चं, एमपेग-१, बिटरेट ११५० किलोबिट. त्यात सिनेमास्कोप चित्र चौकोनी चौकटीत बसवलं की वरखालच्या काळ्या पट्ट्यांत ओळी वाया जातात. २८८ पैकी चित्राला राहतात जेमतेम १६३. एवढ्याशा चित्रात धुकं, पाऊस, आग काहीच टिकत नाही, सगळ्याचे चौकोन होतात. त्यामुळे व्हीसीडी बघून 'इफेक्ट भिकार होते' असं म्हणणं अन्यायाचं आहे.

एमपेगएव्ही फोल्डरमधली डॅट फाइल नुसती कॉपी-पेस्ट करायला गेलात तर ओरखड्यापाशी संगणक अडतो आणि अख्खी फाइल सोडून देतो. व्हीसीडीचं चित्र ज्या प्रकारच्या सेक्टरमध्ये (चकतीवरच्या डेटाच्या कप्प्यांत) असतं (मोड २ फॉर्म २, २३२४ बाइट), त्यात डेटा सीडीसारखा चूक दुरुस्तीचा जादा थर नसतो, ती जागाही चित्रालाच दिलेली असते. म्हणून तो ट्रॅक व्हीसीडी म्हणूनच वाचणारं सॉफ्टवेअर वापरा. व्हीसीडीइमेजरमधलं व्हीसीडीएक्सरिप किंवा आयसोबस्टर. वाचलं नाही तेवढं सोडून ते पुढे जातं, अर्धा सेकंद चित्र फुटतं, बाकी सिनेमा हाती लागतो. ड्राइव्हचा वेग ४ किंवा ८ वर आणा आणि एका ड्राइव्हने नाकारलं तर दुसरा लावा. ड्राइव्हागणिक निकाल वेगळा येतो.

पुसताना मधून बाहेर, सरळ. गोल गोल पुसलं आणि ओरखडा पडला तर तो वाचण्याच्या दिशेनेच जातो आणि लांबलचक डेटा एकदम खातो. खालचा ओरखडा पॉलिशने निघू शकतो. वरचा, छापील बाजूचा निघत नाही, कारण चकाकणारा थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो.

आणि कृपा करून एआयने चित्र मोठं करून मूळ फाइल फेकू नका. १६३ ओळींत नसलेला चेहरा ते सॉफ्टवेअर स्वतःच्या मनाने काढतं. रबरी मुखवट्याला गुळगुळीत कातडी येते. मग तो मुखवटा कुणी बनवला, कसा बनवला हे बघायचं काय उरलं?

परखड_प्रेक्षक

मुद्दा पटला, पण सगळं कॉपीवर ढकलू नका. काही सिनेमे मुळातच घाईत, बेफिकिरीने केलेले आहेत. एकच तळघर तीन सिनेमांत, संवाद ओठांशी जुळत नाहीत, मधला विनोदी भाग कंटाळवाणा. आणि कांती शहांचा 'गुंडा' (१९९८)? तो ब्लू-रेवर आला तरी काय फरक पडणार?

मॅटिनी_शो

'गुंडा'च्या बाबतीत तुमचं बरोबर आहे, चित्र सुधारून फारसा फरक पडणार नाही. तो कानाने बघायचा सिनेमा आहे. बशीर बब्बर यांचे संवाद यमकात आहेत, प्रत्येक खलनायक स्वतःची ओळख तुकबंदीत देतो, आणि मुकेश ऋषी, मोहन जोशी, हरीश पटेल ही मंडळी ती तुकबंदी एकदाही न हसता, पूर्ण ताकदीने म्हणतात. मोहन जोशी मराठी रंगभूमीवर मुरलेले नट. वाक्य कुठे तोडायचं आणि शेवटच्या शब्दावर किती वजन टाकायचं, हे त्यांच्याकडून ऐकावं. त्यासाठी आवाज स्वच्छ हवा. घोगऱ्या व्हीसीडीत यमकाचा शेवटचा शब्दच गिळला जातो. भाषा आणि हिंसा मुलांसमोर लावण्यासारखी नाही, हेही लिहून ठेवतो.

संवाद न जुळणं हा बेफिकिरीचा पुरावा नाही. त्या काळी आवाज करणाऱ्या कॅमेऱ्यावर शूटिंग आणि नंतर स्टुडिओत डबिंग ही मोठ्या सिनेमांचीही पद्धत होती. छोट्यांना डबिंगच्या शिफ्ट कमी मिळायच्या, एवढाच फरक.

तळघराचं म्हणाल तर तिथेच बघण्यासारखं जास्त आहे. पुन्हा वापरलेला सेट ओळखा आणि प्रकाश कसा बदललाय ते बघा. रामसेंकडे कामं घरातच वाटलेली होती. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन, गंगू कॅमेरा, किरण ध्वनी, अर्जुन संकलन, कुमार लेखन. कॅमेरामन आणि दिग्दर्शक सख्खे भाऊ असल्यावर खांबामागे लाल जिलेटिन (दिव्यापुढची रंगीत पारदर्शक पट्टी), खिडकीबाहेर निळं, जमिनीवर एक दिवा खालून वर, ही मांडणी झटपट होते. ट्रॉलीचे रूळ टाकायला वेळ लागतो, म्हणून झटका देणारा झूम. हा झूम आळस म्हणून बघू नका, तो एका सेकंदात तुमची नजर दारावरून कडीवर नेतो की नाही ते बघा. 'पुराना मंदिर' (१९८४) मध्ये राक्षस झालेल्या अजय अग्रवाल यांच्या उंचीचा वापर कसा केलाय ते पाहा. मुखवट्यापेक्षा त्यांचा सांगाडा आणि चाल भीती घालते. त्याच सिनेमात ललिता पवार आणि सदाशिव अमरापूरकरही आहेत.

धुक्याकडे बघायला शिका. कोरड्या बर्फाचं धुकं थंड आणि जड असतं, ते जमिनीलगत गुडघ्याखाली पसरतं. धूप-लोबानाचा धूर गरम, तो वर चढतो आणि दिव्याच्या झोतात पट्टे दाखवतो. एकाच प्रसंगात एका शॉटमध्ये धुकं पायाशी आणि पुढच्या शॉटमध्ये छातीपर्यंत असेल, तर ते दोन शॉट वेगवेगळ्या वेळी घेतले असण्याची दाट शक्यता आहे. नायिकेच्या केसांवरून, घामावरून मग खात्री करता येते. हे चांगल्या कॉपीतच दिसतं. व्हीएचएसवर दोन्ही धुकी राखाडी.

रामबागची_रसिका

युक्त्यांचा विषय निघालाय तर बाबूभाई मिस्त्रींचं नाव आधी घ्यायला हवं. १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया'त अदृश्य माणसाचे प्रसंग त्यांनी काळ्या दोऱ्यावर केले आणि त्यांना 'काला धागा' हेच नाव पडलं. वस्तू काळ्या दोऱ्याने टांगायची, मागे काळा पडदा, प्रकाश फक्त वस्तूवर, पडद्यावर थेंबभरही नाही. पडद्यावर प्रकाश सांडला की दोरा दिसलाच. मिस्त्रींनी पुढे दिग्दर्शनही केलं. 'पारसमणी' (१९६३) त्यांचाच, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचा संगीतकार म्हणून पहिला प्रदर्शित सिनेमाही तोच. मोठ्या बॅनरने दार उघडण्याआधी असल्या पोशाखी सिनेमानेच कितीतरी जणांना काम दिलं.

मराठीत महेश कोठारेंचा 'झपाटलेला' (१९९३) या नजरेने पुन्हा बघा. तात्या विंचूची बाहुली रामदास पाध्यांची. बाहुली चालवणारा माणूस चौकटीबाहेर राहायला हवा, म्हणून अशा प्रसंगांत खाट, टेबल, दाराची फळी कुठे ठेवली आहे ते बघा. कंबरेखाली काय झाकलंय हे शोधलं की शॉटची रचना उलगडते. 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) हाही भयाचाच सिनेमा, पण त्याच्या गाण्यांखाली लोक तो विसरतात.

सुदामानगर_मंडळ

दाखवण्याबद्दल आमच्याकडून. वीस-पंचवीस माणसांच्या हॉलला ८ फूट रुंद पडदा पुरे. १६:९ च्या प्रोजेक्टरला त्याची उंची ५४ इंच होते, सिनेमास्कोप चित्र त्यातले ४१ इंच घेतं. वरखाली साडेसहा इंचांच्या मळकट राखाडी पट्ट्या उरतात, त्यांच्यावर काळं मखमली कापड टाचा. एवढ्याने चित्राचा काळा रंग एकदम गडद वाटू लागतो आणि रात्रीच्या प्रसंगांत हे सगळ्यात जास्त कामाला येतं. पांढरी चादर लावणार असाल तर तिच्या मागे काळं कापड लावा, नाहीतर प्रकाश आरपार जाऊन भिंतीवरून परत येतो. कॉपी व्हीसीडीची असेल तर पडदा ५ फुटांवर आणा आणि पहिली रांग मागे सरकवा.

प्रोजेक्टर घेताना खोक्यावरचे हजारो 'लुमेन' वाचू नका, एएनएसआय लुमेन (प्रमाणित पद्धतीने मोजलेला प्रकाश) विचारा. अंधाऱ्या खोलीत या मापाच्या पडद्याला १००० ते १५०० भरपूर होतात. मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद करा, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करा, नाहीतर प्रत्येक वीज चमकल्यावर अख्खं चित्र श्वास घेतल्यासारखं वर-खाली होतं.

आवाज मोनो आहे, तो मोनोच ठेवा. पडद्याच्या खाली मधोमध एकच चांगला स्पीकर. दोन बाजूंना दोन लावले की कडेला बसलेल्याला संवाद भिंतीतून आल्यासारखा वाटतो. ८ किलोहर्ट्झच्या वर या साउंडट्रॅकमध्ये खरखरीशिवाय जवळजवळ काही नसतं, ते हळू कमी करा. पूर्ण कापू नका, स-श-ष जातात. कॅसेटवरून घेतलेल्या फाइलमध्ये डावा-उजवा दोन्ही चॅनल असतील तर त्यांची बेरीज न करता स्वच्छ असलेला एकच घ्या. दोन्हीत किंचितही वेळेचा फरक असेल तर बेरजेत तीक्ष्ण आवाज एकमेकांना खातात.

मध्यंतर ठेवाच. हे सिनेमे मध्यंतराच्या धक्क्यासाठी लिहिलेले असतात. पहिल्यांदा बघणाऱ्या मंडळींसाठी 'धडाकेबाज'सारख्या सिनेमाने सुरुवात करा, ओळखीच्या भाषेतली अद्भुतता चटकन पचते. रामसे दुसऱ्या खेळाला. पहिल्या बघण्यात टिप्पणी नको, हे आधी सांगून ठेवा. बोलायचं ते नंतर, गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) ताटाभोवती.

नियमाने_चला

हक्कांचं बघून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे सिनेमाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९६२ मध्ये आलेला सिनेमा २०२३ च्या १ जानेवारीपासून मोकळा. १९३५ ची 'हंटरवाली' तर कधीच मोकळी झाली. पण गीतकार-संगीतकारांचे हक्क वेगळे मोजले जातात, त्यांच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं धरून. रामसेंचे सगळे भयपट अजून हक्कात आहेत. मंडळाच्या सभागृहात दाखवायचे तर तिकीट असो वा नसो, हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या. घरच्या कॅसेटची फाइल जपून ठेवणं वेगळं आणि ती इंटरनेटवर टाकणं वेगळं.

विकत घ्यायचं असेल तर २०२३ मध्ये मोंडो मकाब्रो या कंपनीने रामसेंच्या सहा सिनेमांचा ब्लू-रे संच काढला. 'पुराना मंदिर', 'तहखाना', 'वीराना', 'पुरानी हवेली', 'बंद दरवाज़ा' आणि 'महाकाल'. मागवण्याआधी आपल्या प्लेअरचा रीजन तपासा.

लोकमान्यनगरवाला

फीत_आणि_फिरकी, एक शंका. कॅप्चर केलेल्या फाइलमध्ये हालचालीच्या जागी कंगव्यासारख्या आडव्या रेषा दिसतात. सगळीकडे डीइंटरलेस करा (एकाआड एक ओळींतून एकसंध चित्र बनवा) असं सांगतात. करू का?

फीत_आणि_फिरकी

थांबा भिया, आधी ओळखा. सिनेमा फिल्मवर शूट झालाय. एका फ्रेमचे दोन्ही फील्ड (एकाआड एक ओळींचे दोन अर्धे भाग) त्याच क्षणाचे असतात, म्हणून खरं तर रेषा दिसायलाच नकोत. दिसत असतील तर बहुतेक वेळा टेलिसिनेत किंवा कॅप्चरमध्ये जोडी एका फील्डने सरकलेली असते, अर्ध्या ओळी या फ्रेमच्या, अर्ध्या पुढच्या फ्रेमच्या. तिथे डीइंटरलेस केलं तर उभा तपशील बराच जातो, आधीच कमी असलेल्या चित्रातून. एफएफएमपेगचा फील्डमॅच फिल्टर किंवा अ‍ॅव्हीसिंथमधला टीएफएम लावा. तो सुटलेल्या जोड्या परत जुळवतो आणि मूळ फ्रेम जशीच्या तशी मिळते.

तपासायचं असं : फाइलचे फील्ड वेगळे करा, म्हणजे सेकंदाला ५० चित्रं दिसतील. जिथे कुणी पळतंय असा तुकडा घ्या आणि एकेक चित्र पुढे सरकवा. माणूस प्रत्येक दुसऱ्या चित्रालाच हलत असेल तर फिल्म, मग फील्डमॅच. प्रत्येक चित्राला हलत असेल तर तो भाग मुळात व्हिडिओवर आहे, कंपनीची सुरुवातीची जाहिरात किंवा नंतर घातलेली टायटलं असतात तशी. तेवढ्याच भागाला बीडब्ल्यूडिफ किंवा क्यूटीजीएमसी हे डीइंटरलेस करणारे फिल्टर लावा. दोन्ही प्रकार एकाच कॅसेटमध्ये असतील तर फाइल तिथे तोडून दोन भागांवर वेगळं काम करा आणि शेवटी आवाज जुळतोय का ते जोडाच्या आधी-नंतर मिनिटभर ऐकून घ्या.